मालेगावचा सुपरमॅन आणि यंत्रनिर्मित प्रतिमा : कामाच्या क्रमाची एक समीक्षा

प्रास्ताविक

नाशिक जिल्ह्याने भारतीय चित्रपटाला दोन निरनिराळ्या काळांत दोन निरनिराळे कारखाने दिले. पहिला दादासाहेब फाळके यांचा. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला आणि पुढे नाशिकला बिऱ्हाड हलवून तेथेच निर्मितीचा संसार मांडला. या संसारात सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मला छिद्रे पाडीत, रसायने हाताळीत आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. दुसरा कारखाना मालेगावचा. त्याला स्टुडिओ नव्हता, नोंदणी नव्हती, भांडवल म्हणावे असे भांडवलही नव्हते. यंत्रमागावर आठवडाभर राबणारी मंडळी शुक्रवारच्या सुटीत चित्रीकरण करीत आणि लग्नसमारंभ टिपणारा व्हिडिओ कॅमेरा त्यांना पुरे होई. २००० सालच्या ‘मालेगाव के शोले’पासून नासिर शेख व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केलेले हे विडंबनपटांचे विश्व पुढे ‘मॉलीवूड’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने प्रतिमा, ध्वनी आणि चलच्चित्रे निर्माण करणारी साधने २०२२ नंतर सर्वसामान्यांच्या हाती आली. त्यांचे स्वागत करताना एक युक्तिवाद वारंवार केला जातो. तो असा की, ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांना आता स्टुडिओ मिळाला. मालेगावच्या सुपरमॅनला उडवण्यासाठी हिरवे कापड ताणण्याची गरज उरली नाही. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. मात्र त्यात मालेगावात नेमके काय कमी होते आणि काय होते, याचा विचार झालेला दिसत नाही. फैजा अहमद खान दिग्दर्शित ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा माहितीपट या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. त्याची चर्चा आजवर प्रामुख्याने जिद्द, स्वप्न, हिंदू-मुस्लिम तणावाच्या छायेतील विनोद या अंगांनी झाली. कामाच्या क्रमाचा दस्तऐवज म्हणून त्याच्याकडे क्वचितच पाहिले गेले. प्रस्तुत लेखात तसे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

माहितीपटात दिसणारे काम

मोसम नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले, २०११ च्या जनगणनेनुसार पावणेपाच लाखांच्या आसपास वस्तीचे मालेगाव हे यंत्रमागाचे शहर होय. एका कापडामागे येथे अनेक हात असतात. सूत येते, ताणा तयार होतो, सायझिंग होते, बीम भरला जातो, कांड्या भरल्या जातात, मग माग चालतो. आणि कोरे कापड रंगाई-छपाईसाठी पुष्कळदा बालोतरा, पाली अशा दूरच्या गावी रवाना होते. प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाला पुढच्या माणसाची गरज ठाऊक असते. ताणा चुकला तर मागावर बसलेल्याला तो दुरुस्त करता येत नाही. या शहरातल्या लोकांनी चित्रपट काढायचे ठरवले तेव्हा त्यांना चित्रपटाचे शिक्षण नव्हते हे खरे; परंतु टप्प्याटप्प्याने वस्तू घडवण्याचे शिक्षण त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. माहितीपटाविषयीच्या लेखनात हा मुद्दा जवळजवळ येतच नाही.

नासिर शेख यांचे चित्रपटशिक्षण व्हिडिओ पार्लरमध्ये झाले. गल्ल्यावर बसून असंख्य चित्रपट पाहणे, दोन व्हीसीआर जोडून एका चित्रपटातील तुकडा दुसऱ्याला लावणे, हीच त्यांची संकलनाची शाळा. म्हणजे कॅमेरा हाती घेण्यापूर्वी त्यांनी संकलन आत्मसात केले होते. याचा परिणाम त्यांच्या सबंध पद्धतीवर दिसतो. ‘शोले’चे दृश्य आधी मनात पक्के आहे, त्यातील कोणती चौकट अपरिहार्य आणि कोणती वगळता येईल हे ठरलेले आहे, उरतो तो फक्त पर्यायाचा प्रश्न. घोडे नाहीत, म्हणून डाकू सायकलींवर येतात. रुळांवरून सरकणाऱ्या कॅमेऱ्याच्या ठिकाणी सायकल येते आणि क्रेनचे काम बैलगाडीकडून करून घेतले जाते. या पर्यायांवर प्रेक्षक हसतो आणि ते हसणे दिग्दर्शकाला अभिप्रेतही आहे. पण विनोदाच्या मागे एक काटेकोर हिशेब आहे: मूळ दृश्यातील कोणती गोष्ट टिकली म्हणजे प्रेक्षक ते दृश्य ओळखेल? तेवढी टिकवायची, बाकीची सोडायची. काटकसरीचे एवढे शुद्ध सूत्र मोठ्या निर्मितिसंस्थांत सहसा आढळत नाही.

‘मालेगाव का सुपरमॅन’च्या निर्मितीत हा हिशेब प्रथमच डळमळतो, कारण उडण्याला पर्याय नाही. सायकलवरचा डाकू चालतो, सायकलवरचा सुपरमॅन चालत नाही. येथे क्रोमा तंत्राचा, म्हणजे हिरव्या पार्श्वभूमीसमोर माणूस चित्रित करून मागचा रंग संगणकावर काढून टाकण्याचा प्रवेश होतो. हिरवे कापड ताणले जाते. सुपरमॅनची भूमिका करणारे शफीक शेख हे यंत्रमाग कामगार. सडपातळ बांध्याचे, अबोल वाटणारे. त्यांना आडवे करून उडते दाखवण्याची खटपट माहितीपटाने विस्ताराने टिपली आहे. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो. मध्येच नायकाचे लग्न निघते. काम थांबते, पुन्हा सुरू होते. ‘कार्यक्षम’ या शब्दाच्या रूढ अर्थाने पाहिले तर हे सारे अकार्यक्षमच म्हणावे लागेल. तथापि एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या गोंधळात कोणते दृश्य का हवे आहे, याविषयी कोणाच्याही मनात संभ्रम दिसत नाही. अडचण साधनाची आहे, निर्णयाची नाही.

लेखक फरोग जाफरी यांच्याविषयीचा भाग या माहितीपटात सर्वांत गंभीर उतरला आहे. विडंबनपटातही लेखकाला कष्ट पडतात, त्याचे दुःख वेगळे असते, हे तेथे न बोलता लक्षात येते. २०२४ साली टोरांटो महोत्सवात दाखवलेल्या आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी चित्रगृहांत आलेल्या रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ या कथापटाने नेमका हाच धागा उचलला. वरुण ग्रोव्हर यांच्या पटकथेत लेखकाच्या श्रेयाचा प्रश्न मैत्रीतील दुराव्याच्या रूपाने येतो. कथापट सुबक आहे, अभिनय उत्तम आहे. मात्र कामाचे तपशील तेथे भावनेच्या मागे जातात. शिवाय मूळ चित्रफितींचा कच्चेपणा येथे व्यावसायिक तंत्रज्ञांना मुद्दाम नव्याने घडवावा लागला आहे. जे अभावातून आले होते ते आता शैली म्हणून तयार करावे लागते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

निवडीचे श्रम

आता हेच काम यंत्रनिर्मित प्रतिमांच्या साहाय्याने करावयाचे झाले तर त्याचा क्रम कसा लागेल? पटकथेचे चौकटींत विभाजन, प्रत्येक पात्राचा संदर्भपट, त्यावरून स्थिर चित्रे, निवडलेल्या स्थिर चित्रांवरून काही सेकंदांची चलच्चित्रे, त्यानंतर स्पष्टता वाढवणे, आवाज आणि शेवटी संकलन, असा साधारण क्रम या व्यवसायात आता रूढ होत आहे. कागदावर तो यंत्रमागाच्या टप्प्यांइतकाच सरळ दिसतो. प्रत्यक्षात त्यात एक मूलभूत फरक आहे. मागावर ताणा दिला की कापड निघते. या साधनांना प्रॉम्प्ट दिला की शक्यता निघतात. एकाच मजकुरातून दहा वेळा दहा चेहरे येतात, कारण प्रतिमेची सुरुवात यादृच्छिक ठिपक्यांच्या पटापासून होते. तो पट ज्या अंकाने ठरतो त्याला ‘सीड’ म्हणतात. सीड जपून ठेवला नाही तर काल मिळालेले चित्र आज पुन्हा मिळेलच असे नाही. साधनाची आवृत्ती बदलली तर सीड जपूनही उपयोग होत नाही.

यामुळे श्रमाचे स्थान बदलते. पूर्वी चौकट मिळवणे अवघड होते, आता नाकारणे अवघड झाले आहे. कोका-कोला कंपनीच्या २०२५ च्या नाताळच्या यंत्रनिर्मित जाहिरातीसाठी सत्तर हजारांहून अधिक क्लिप तयार केल्याचे वृत्त आले होते. एका छोट्याशा जाहिरातीसाठी सत्तर हजार! त्यातून अंतिम चौकटी निवडणाऱ्या माणसांचे डोळे आणि त्यांची दमणूक कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. नासिर शेख यांची पद्धत येथे उपयोगी पडते ती स्मरणरंजन म्हणून नव्हे. संकलन आधी आणि चित्रण नंतर, हा त्यांचा उलटा क्रमच या साधनांसाठी सुलटा आहे. आधी साध्या रेखाटनांची किंवा मोबाइलवर घेतलेल्या कच्च्या दृश्यांची जुळणी करावी, तिची लांबी ठरवावी आणि मगच प्रतिमा मागवाव्यात. ज्याला दृश्य किती सेकंदांचे हवे हे ठाऊक नाही, तो साधनापुढे बसून राहतो आणि त्याचे पैसे क्रेडिटच्या रूपाने झिरपत जातात. गूगलच्या व्हिओ ३ ने मे २०२५ मध्ये आवाजासह आठ सेकंदांची क्लिप देऊ केली तेव्हा तिचे मोठे कौतुक झाले. पण आठ सेकंद कशासाठी, हा प्रश्न ते साधन विचारत नाही.

कोणाचा सुपरमॅन?

ओपन संशोधनासाठी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लायन-५बी या संग्रहात सुमारे ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या होत्या आणि त्यांपैकी सुमारे २३२ कोटी एकट्या इंग्रजी मजकुराच्या होत्या. अशा संग्रहांवरून शिकलेल्या साधनाला ‘सुपरमॅन’ हा शब्द दिला की काय मिळणार, हे वेगळे सांगावयास नको. रुंद खांदे, चौकोनी हनुवटी, लाल अंगरखा. वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी या कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयात मिडजर्नीवर दावा दाखल केला. आपल्या मालकीची पात्रे, सुपरमॅनसह, मागेल त्याला पुरवली जातात हीच त्यातील तक्रार होती. (या पात्राचे निर्माते जेरी सीगल व जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये त्याचे हक्क अवघ्या १३० डॉलरना दिले होते, ही आठवण अशा वेळी हटकून येते.)

मालेगावचा सुपरमॅनही उसना होता. परंतु उसने घेण्याची रीत अगदी वेगळी होती. नाडी लोंबणारी चड्डी घातलेला, दम लागणारा, गुटखा-तंबाखूच्या खलनायकाशी झुंजणारा हा नायक मूळ पात्रावर भाष्य करतो. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर मूळ कृतीच्या विडंबनाला किंवा प्रतिवादाला संरक्षण मिळू शकते. केरळ उच्च न्यायालयाने सिविक चंद्रन विरुद्ध अम्मिणी अम्मा (१९९६) या प्रकरणात मूळ नाटकाला उत्तर देणाऱ्या प्रतिनाटकाच्या बाबतीत तशी दृष्टी घेतली होती. हे संरक्षण भाष्याला मिळते, साम्याला मिळत नाही. यंत्राने आपणहून दिलेला सुपरमॅन मूळ पात्राशी जितका जुळेल तितका तो भाष्यापासून दूर जाईल आणि दाव्याच्या जवळ येईल. म्हणजे ज्या कृतीला सर्वांत कमी श्रम पडतात तीच येथे सर्वांत धोक्याची ठरते.

यावर एकच मार्ग दिसतो, तो म्हणजे संदर्भसामग्री स्वतः गोळा करणे. मागाचा खडखडाट चालू असलेली शेड, तिच्यातील कापसाच्या धुळीतून येणारा उजेड, मोसमचा पूल, शुक्रवारी बंद असलेली गल्ली यांची छायाचित्रे मालेगावच्याच माणसांनी काढावीत, त्यांना उर्दू-मराठीत नावे द्यावीत आणि साधनाला ती पुरवावीत. थोड्या चित्रांवरून विशिष्ट शैली वा चेहरा शिकवण्याची ‘लोरा’ ही पद्धत २०२१ पासून ज्ञात आहे. ती वापरता येते. या तयारीला वेळ लागतो. पण ती वगळली तर पडद्यावर येणारे मालेगाव कोणाच्या तरी कल्पनेतील ‘भारतीय मुस्लिम वस्ती’ असेल. २००६ व २००८ च्या बॉम्बस्फोटांनंतर या शहराची जी प्रतिमा वृत्तपत्रे व वाहिन्यांनी जगभर पोहोचवली, तिच्यातलेच अंश त्या चित्रात झिरपण्याची भीती आहे. ज्या शहराने स्वतःकडे पाहून हसण्यासाठी चित्रपट काढले, त्याला पुन्हा दुसऱ्याच्या नजरेतून स्वतःकडे पाहावे लागावे, हे नुकसान किरकोळ नाही.

गैरहजर चेहरे

माहितीपटाची एक मर्यादा येथे नमूद करणे आवश्यक आहे. त्यात मालेगावच्या स्त्रिया जवळपास नाहीत. स्थानिक स्त्रिया पडद्यावर काम करीत नसल्याने स्त्री-भूमिकांसाठी बाहेरगावाहून अभिनेत्री आणाव्या लागतात, ही वस्तुस्थिती तो नोंदवतो आणि पुढे सरकतो. घरातल्या स्त्रियांना या चित्रपटांविषयी काय वाटते, सुटीच्या दिवशी घरातला पुरुष चित्रीकरणाला गेल्याने कोणाचे काम वाढते, हे प्रश्न त्याने विचारले नाहीत. फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाईंचे श्रम निदान पुढे इतिहासात नोंदले गेले. मालेगावच्या बाबतीत तीही सोय नाही.

यंत्रनिर्मित प्रतिमा या गैरहजेरीला एक सोयीस्कर उत्तर देतात आणि म्हणूनच त्यांच्याकडे सावधपणे पाहावे लागते. अभिनेत्री आणायला नको, तिचा प्रवासखर्च नको, बोलाचाली नकोत. नायिका संगणकावर तयार होईल. ‘कार्यक्षमते’च्या निकषावर हा निर्णय निर्दोष ठरतो. परंतु बाहेरगावाहून येणारी ती अभिनेत्री ही या सर्व निर्मितीत मोबदला घेऊन काम करणारी कदाचित एकमेव स्त्री होती. तिला वगळल्यावर चित्रपटात स्त्री दिसेल आणि चित्रपटाच्या कामात स्त्री असणार नाही. शहरातली एखादी मुलगी घरात बसून चौकटी निवडू शकेल, आवाज देऊ शकेल, ही दुसरी शक्यताही याच साधनांत आहे, हे मान्य केले पाहिजे. किंबहुना पडद्यावर न दिसता काम करता येणे ही मालेगावसारख्या शहरात मोठीच सोय आहे. मात्र ही शक्यता आपोआप घडत नाही. कामाचा क्रम आखतानाच तिच्यासाठी जागा ठेवावी लागते.

चेहऱ्याचा प्रश्न आणखी एका दिशेने अवघड होतो. शफीक शेख कर्करोगाने २०११ मध्ये गेले. उपलब्ध चित्रणावरून त्यांचा चेहरा घेऊन, पूर्वी कधीही उडू न शकलेल्या सफाईने त्यांना आज उडवता येईल. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझना’ची तमिळ आवृत्ती ‘अंबिकापती’ यंत्राने बदललेल्या शेवटासह पुन्हा प्रदर्शित झाली. दिग्दर्शक आनंद एल. राय व अभिनेते धनुष या दोघांनीही तीव्र नापसंती व्यक्त केली, तरी चित्रपट प्रदर्शित झालाच. नामांकितांची ही अवस्था असेल तर ज्या नटाने कागदावर सही करून काही लिहून घेतले नव्हते, त्याच्या बाजूने कोण उभे राहणार?

नोंदवहीचा प्रश्न

कार्यप्रवाहाची चर्चा अखेर एका नीरस वस्तूशी येऊन थांबते, ती म्हणजे नोंदवही. फाइलला ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरे’ अशी नावे देणाऱ्या मंडळींना (यात महाविद्यालयांचे संगणक कक्षही आले) हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु दृश्य क्रमांक, चौकट क्रमांक, आवृत्ती, प्रॉम्प्टचा मजकूर, साधन व त्याची आवृत्ती, सीड, संदर्भचित्र कोणी काढले, त्यातील माणसाची संमती आहे काय, निवड कोणी केली आणि काय नाकारले, एवढ्या रकान्यांची वही नसेल तर पंधरा दिवसांनी त्याच पात्राचा तोच चेहरा मिळत नाही. दिग्दर्शक स्वतःच छायाचित्रकार व संकलक असताना हे सारे एका डोक्यात मावत होते. सत्तर हजारांतले सत्तर निवडताना ते मावणार नाही.

वहीला कायदेशीर अर्थही आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये एका चित्रकथेच्या बाबतीत यंत्राने काढलेल्या सुट्या चित्रांना संरक्षण नाकारले, पण मजकूर आणि चित्रांची निवड-मांडणी यांना मान्य केले. जानेवारी २०२५ च्या अहवालात केवळ प्रॉम्प्ट देणे म्हणजे कर्तृत्व नव्हे, अशी भूमिका त्याने घेतली. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने एक निराळी तरतूद आली आहे: संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण होण्यास जी व्यक्ती कारणीभूत होते ती. ही तरतूद लिहिली गेली तेव्हा आजची साधने कोणाच्या स्वप्नातही नव्हती. ‘कारणीभूत’ कोण, याचे उत्तर एका माणसाने सगळे केले असेल तर सोपे आहे. पण मालेगावात कधीच एका माणसाने सगळे केले नाही. एक लिहिणारा, एक मागावरून सुटून आलेला नट, एक कॅमेरा धरणारा, एक हिरवे कापड ताणून उभा राहणारा. आता कळफलकावर प्रॉम्प्ट टाइप करणारा त्यांच्यापैकी कोणीतरी एकच असेल, आणि खाते ज्याच्या नावाचे त्याचेच नाव त्या साधनाच्या दप्तरी राहील. संदर्भचित्र काढणाऱ्याचे, कथा सांगणाऱ्याचे आणि एकोणसत्तर हजार क्लिप पाहून नाही म्हणणाऱ्याचे नाव फक्त त्या वहीतच सापडेल.